शेंड्यावरून पाहिलेला झेला

पूर्वी काशीदेशाच्या कडेला असलेल्या आम्रवती नगरीवर राजा सुबाहूची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने राजाच्या आमराईत एका माळ्याच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. माळ्याचा मुलगा असूनही सोमिलला झाडावर चढता येत नसे. दुसऱ्या फांदीवर पाय ठेवला की त्याचे डोके गरगरे, आणि तो खोडाला मिठी मारून डोळे मिटून बसे. मग कुणीतरी वर जाऊन त्याला उतरवून आणी. "सोमिल झाडाला भेटून आला," असे म्हणून आमराईतली माणसे हसत.

त्या आमराईचा प्रमुख होता गिरिक. वयाने तो सोमिलहून बराच मोठा होता आणि चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. शेंड्याच्या डहाळीवर उभा राहून तो आंबा तोडी आणि "ताण!" अशी हाक देई. खाली माणसे जाड कापड चारी कोपऱ्यांना धरून उभी असत. हाक आली की ती कापड ताणून धरीत आणि फळ त्यावर येऊन पडे. कापड सैल राहिले तर फळ कापडासकट जमिनीवर आपटे, म्हणून "ताण" हा शब्द त्या लोकांच्या हाडीमांसी मुरलेला होता. गिरिक वर असला की रस्त्याने जाणारेही माना वर करून बघत. गिरिकला ते फार आवडे, आणि कुणालाही आवडावे असेच ते होते.

सोमिल खाली बसून वेत वाकवी, बांबू तासी, जाळ्या विणी आणि उसवून टाकी. एका चैत्रात त्याचे काम जमले. लांब बांबूच्या टोकाला वेताचे कडे, कड्याला एक लहानसे पाते आणि कड्याखाली सुतळीची जाळी. देठ पात्यावर धरून हलकेच हिसडा दिला की आंबा देठासकट जाळीत उतरे. या साधनाला त्याने झेला म्हटले. ज्यांचे गुडघे दुखत, ज्यांना चढवत नसे, अशा माणसांच्याही टोपल्या भरू लागल्या. लोक आता सोमिलभोवती जमू लागले.

गिरिक शेंड्यावर उभा होता. त्याने नेहमीसारखी हाक दिली, आणि खाली कापड धरलेली माणसेसुद्धा झेल्याकडे बघत असल्याचे त्याला दिसले. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. खरे तर त्याच्या टोपलीतला एकही आंबा त्या दिवशी कमी झाला नव्हता. पण मत्सर टोपली बघत नाही, शेजाऱ्याची टोपली बघतो.

राजाच्या कानावर झेल्याची गोष्ट गेली. वैशाखी पौर्णिमेला राजा रानातल्या तपस्व्यांना आमरसाचे भोजन देत असे. राजा म्हणाला, "यंदा निम्म्या झाडांचे आंबे गिरिकने उतरवावेत, निम्म्यांचे सोमिलने. दोघांनी आपापली आढी घालून आंबे गवतात पिकवावेत. पौर्णिमेला ज्याच्या आढीत फळ चांगले पिकलेले निघेल, तो आमराईचा प्रमुख."

गिरिकला अन्न गोड लागेना. आमराईतले घर, अंगणातली विहीर, बायकोच्या बोलण्यातला मान, सगळे त्या प्रमुखपणावर उभे होते. त्याची बायको सुमना समजूतदार होती. ती म्हणाली, "अहो, तुमचे हात काही झडले नाहीत. नेहमीसारखे चढा नि उतरवा."

"तोवर त्याची झाडं रिकामी होतील. लोक म्हणतील, गिरिक म्हातारा झाला."

"मग जाऊन त्याला विचारा, झेला कसा करायचा म्हणून. तो नाही म्हणणाऱ्यातला नाही."

"त्याला विचारू? ज्याला मी कडेवर घेऊन झाडावरून उतरवलंय, त्याला?"

दुसऱ्याच दिवशी सोमिल स्वतः झेला घेऊन आला. "दादा, हातात धरून बघा. काही चुकत असेल तर सांगा." गिरिकने तोंड फिरवले. "ही लुळ्यापांगळ्यांची काठी आहे. मला काय करायची?" सोमिलने झेला उचलला. तो परत गेला.

पण मन कुठे गप्प बसते? गिरिक शेजारच्या झाडाच्या शेंड्यावर पानांत दडून बसू लागला आणि सोमिलचे काम वरून न्याहाळू लागला. वरून त्याला कडे दिसले, पाते दिसले, जाळीच्या गाठी दिसल्या. जाळी किती खोल आहे ते मात्र वरून कसे दिसणार? सोमिलची जाळी हातभर खोल आणि पोटाशी सैल होती, फळ तिच्यात सरकत सरकत जाऊन विसावे. गिरिकला ती वरून ताटासारखी सपाट दिसली. त्यातून जन्मभर ज्याने "ताण, ताण" म्हटले, त्याच्या मनात दुसरे काय येणार? त्याने परसात बसून झेला केला आणि जाळी कड्यावर ढोलाच्या कातड्यासारखी घट्ट ताणून बांधली.

तो झेला घेऊन गिरिक झपाट्याने कामाला लागला. आंबा जाळीवर पडे, उसळे, कड्यावर आपटे, दुसऱ्या आंब्यावर आदळे. पण कच्च्या आंब्याला मार दिसत नाही. साल हिरवीगार, देठ जागच्या जागी. सोमिलच्या आधी आपली झाडे संपली याचा गिरिकला इतका आनंद झाला की त्याने आढी घालताना एकही फळ दाबून पाहिले नाही. एरवी तो प्रत्येक आंबा हातात घेऊन मग गवतात ठेवीत असे.

पौर्णिमेच्या सकाळी राजा आमराईत आला. सोमिलच्या आढीवरचे गवत उचलताच पिवळेधमक आंबे दिसले आणि वास चहूकडे पसरला. मग गिरिकची आढी उघडली. तिथेही वास आला, पण तो आंबल्याचा. जिथे जिथे मार बसला होता तिथे फळ काळे पडले होते आणि एकाने शेजारच्याला नासवले होते. माणसांनी नाकाला कापड लावले. गिरिकने हात घालून एक धड फळ शोधले, आणखी एक शोधले, आणि मग तो तसाच गवतात बसून राहिला.

राजा संतापला. "तपस्वी वाटेवर आहेत आणि तू त्यांच्यापुढे हे वाढणार? आजच बायको घेऊन आमराईबाहेर हो. सोमिल, आजपासून तू इथला प्रमुख."

सोमिलचे आजवरचे सगळे हसे त्या एका वाक्याने धुऊन निघत होते. त्याला फक्त मान लववायची होती. तो म्हणाला, "महाराज, माझे आंबे सगळ्यांना पुरायचे नाहीत. शेंड्यावर पाडाचे आंबे आहेत, झाडावरच पिकलेले. माझा झेला तिथे पोचत नाही. तिथे पोचणारा माणूस या राज्यात एकच आहे, आणि त्याला आपण घालवून देताहात."

"त्याने तुला पाण्यात पाहिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याच्यासाठी बोलतोस?"

"प्रमुख त्यांनाच राहू द्यावं, महाराज. खालचं काम माणसं काठीने करतील. वरचं काम जाणणारा मात्र मला शिकवायला हवा आहे, त्यावाचून झेला अपुरा आहे."

राजाने ते मान्य केले आणि गिरिकला शेंड्यावरचे आंबे उतरवायला सांगितले.

गिरिक झाडाशी आला, पण चढेना. त्याचे डोळे भरले होते. तो हळूच म्हणाला, "सोमिल, मला हाकललं असतं तर मी सोसलं असतं. तुझ्या शब्दावर मी इथे राहिलो, हे मला सोसत नाही रे."

सोमिल म्हणाला, "दादा, तुम्ही मला कडेवर घेऊन उतरवायचात, तेव्हा मी तुमच्या खांद्यावर तोंड लपवून जळत असायचो. वाटायचं, याचा पाय एकदा तरी घसरावा. एक दिवस तुमचा पाय खरंच घसरला. तुम्ही फांदीला लोंबकळलात, आणि मी खाली किंचाळलो. तेव्हा मला कळलं की तुम्ही पडावं असं मला वाटत नव्हतं. मला फक्त आंब्यापर्यंत पोचायचं होतं. त्या दिवसापासून मी बांबू तासायला बसलो."

गिरिक एक पाऊल जवळ आला. मग म्हणाला, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला झेल्याचं का नाही विचारलंत?"

गिरिकला रडता रडता हसू आले. त्याने धोतराचा काचा मारला आणि तो वर चढला. सोमिलने कापडाचा एक कोपरा धरला. शेंड्यावर गिरिक उन्हात उभा राहिला तेव्हा सोमिल मान वर करून बघत होता, आणि त्याला पूर्वी जिथे बोचत असे तिथे आता आनंद वाटत होता. तपस्व्यांना रस पुरून उरला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा भिक्षुसंघात सांगितली, तेव्हा ऐकणाऱ्यांत एक वृद्ध भिक्षू होता. त्याच्या तरुण गुरुबंधूचे प्रवचन ऐकायला लोक अधिक जमत, म्हणून त्याने त्याच्याशी बोलणे टाकले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा सुबाहू म्हणजे आज विहाराला आमराई देणारा श्रेष्ठी. सुमना म्हणजे आज तुम्हाला भिक्षा वाढणारी त्याची गृहिणी. खाली कापड धरून उभा असलेला सोमिल तो मी. आणि तेव्हाचा गिरिक..."

शास्ते थांबले. त्यांनी कुणाकडेही पाहिले नाही. वृद्ध भिक्षू आपल्या जागेवरून उठला, सगळ्यांच्या देखत तरुण भिक्षूपाशी जाऊन बसला आणि म्हणाला, "आयुष्मान, काल तू जे सांगितलंस ते मी रागाने नीट ऐकलं नाही. मला पुन्हा सांगशील?"

दुसऱ्याच्या यशाने मन प्रसन्न होणे, याला मुदिता म्हणतात. बोधिसत्त्वालाही ती आयती मिळाली नव्हती.