टाकीतला उन्हाळा

"गॅसचा भाव आजपासून दीडपट! पटत असेल तर घ्या, नाहीतर गोधड्या पांघरून बसा!"

खंडूशेठ बाबरांचा हा निरोप गारमाळ पठारावर पोचला, तेव्हा नुकताच पौष लागला होता. पठारावर बावीस घरं. सगळ्यांची मिळून एकच मोठी गॅसची टाकी. तिच्यावर पाणीघरातला बॉयलर तापायचा आणि भिंतींतल्या नळांतून कढत पाणी फिरून घरं ऊबदार राहायची. घाट चढून टँकर आणणारा व्यापारी मात्र एकच, खंडूशेठ! गिऱ्हाईक अडलेलं दिसलं की आम्हा व्यापाऱ्यांच्या जिभेला खाज सुटतेच. मीही एकदा आभाळ भरून आलेलं बघून छत्र्यांचा भाव वाढवला होता. त्या वर्षी आमच्या हिनेच शेजारच्या दुकानातून छत्री आणली!

बावीस घरांची बैठक झाली. एवढा भाव कुणालाच झेपेना. ठरलं, सोमवारपासून पाणीघराला कुलूप. म्हणजे ते सांभाळणाऱ्या गजराबाईच्या नोकरीलाही कुलूप!

"मास्तर, कुलूप लावायच्या आधी मी शेठला एकदा भेटून येते," गजराबाई म्हणाली.

देवस्थळी मास्तर बैठकीचे प्रमुख. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, मी तीनदा जाऊन आलो! तो माणूस चहासुद्धा अर्धा कप देतो!"

"मग मी चहा पिऊनच जाते!"

गजराबाई घाट उतरून पेढीवर पोचली. खंडूशेठ गादीवर लोडाला टेकून सुपारी कातरत होते.

"शेठ, उन्हाळ्यात जो भाव लावता, तोच लावा की!"

"उन्हाळ्याचा भाव उन्हाळ्यात, बाई!"

"गॅस तर तोच ना?"

"गॅस तोच, पण दिवस ते नाहीत." शेठना आता गंमत वाटू लागली. "असं कर, भर पौषात मला गारमाळावर उन्हाळा आणून दाखव. मग उन्हाळ्याचा भाव लावतो. जा!"

पेढीवरची माणसं खो खो हसली. गजराबाई हसली नाही. तिने विचारलं, "पण उन्हाळा आला की नाही, हे ठरवायचं कुणी?"

"मी! माझ्या तोंडून निघालं पाहिजे!"

"तुमच्याच तोंडून काढते. रविवारी दुपारी जेवून या, शेठ."

पठारावर परतताच तिने मास्तरांना सांगितलं, "टाकीच्या तळाशी चार दिवसांचा गॅस उरलाय. तो सगळा रविवारी एका दुपारी जाळायचाय."

"आणि हरलीस तर?"

"तर काय? सोमवारी कुलूप लागणारच आहे!"

रविवारी खंडूशेठ आले. अंगात दोन स्वेटर, वर कोट, गळ्याला मफलर आणि डोक्याला कानटोपी. बाहेर गवतावर दुपारीही दव होतं. शेठ दातावर दात आपटत म्हणाले, "कुठाय तुझा उन्हाळा? मला तर नाकाचा शेंडाही सापडेना!"

"बाहेर कशाला शोधता? आत या."

पाणीघरात पाऊल टाकताच गरम झोत अंगावर आला. भिंतीभर तापलेले नळ. खाली स्वच्छ धोतर पसरून त्यावर कुरडया वाळत घातलेल्या. कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ. गजराबाईने शेठना नळांना लागूनच्या बाकावर बसवलं आणि घाटातल्या रस्त्याची चौकशी सुरू केली. रस्त्याचा विषय संपतो होय! एकेका खड्ड्याला शेठचं एकेक कापड उतरू लागलं. पहिल्या वळणाला कानटोपी गेली, दुसऱ्याला मफलर, पुलापाशी कोट. दोन्ही स्वेटर गेले तरी कपाळावरून घाम गळतच होता.

"कुरडया वाळल्या का हो बघा जरा," गजराबाई सहज म्हणाली.

शेठनी एक मोडून पाहिली. कट्‌कन आवाज झाला! "कडकडीत! आमच्या हिच्यासुद्धा अशा वाळत नाहीत."

"घसा सुकला असेल. पन्हं देऊ? कैरीचा गर ठेवलाय साठवणीचा."

"दे, दे! आणि ते दार उघड बाई. नाहीतर एखादा पंखा तरी आण! काय हा उन्हाळा!"

दाराआडून मास्तर टाळ्या वाजवतच आत शिरले. शेठच्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला.

"हॅट्! हा उन्हाळा खोटा! हा तर गॅसचा!"

"हो ना, तुमच्याच गॅसचा!" गजराबाई म्हणाली. "बरं, तुमच्या गोदामातल्या टाक्यांत तो कधी भरून ठेवलात?"

"वैशाखात. तेव्हा स्वस्त मिळ..." शेठनी जीभ चावली. पण शब्द सुटून गेला होता.

"बघा मास्तर! शेठ वैशाखात उन्हाळा भरून ठेवतात आणि पौषात आपल्याला पोचवतात. आमच्या घरी उतरतो तो उन्हाळाच, मग भाव हिवाळ्याचा कसा? आणि शेठ, थंडीने सगळं जग आकसतं. तुमचा भाव तेवढा फुगतो होय?"

आधी खंडूशेठचं पोट हललं, मग खांदे, आणि ते इतके हसले की पन्हं धोतरावर सांडलं.

"आजवर मी गॅस विकतोय असंच समजत होतो," डोळे पुसत ते म्हणाले. "मास्तर, कागद आणा! गारमाळाला बाराही महिने उन्हाळ्याचा भाव. पाच वर्षांसाठी लिहून देतो. आणि भावाची बोलणी करायला दर वेळी गजराबाईच येतील. तुम्ही नको!"

सोमवारी पहाटे, कुलूप लागायचं त्या वेळी, टँकर घाट चढून आला. ड्रायव्हरने टाकी भरली आणि आपल्या शेजारच्या सीटवरून एक मोठं खोकं उतरवलं. वर शेठच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'गजराबाईंस, बक्षीस.'

बावीस घरांची माणसं शाली लपेटून, कुडकुडत भोवती जमली. गजराबाईने खोकं फोडलं.

आत टेबलफॅन होता!