अध्यक्षांची गाडी

तुकाअण्णा बाजार समितीचे अध्यक्ष झाले आणि तेव्हापासून त्यांची मोटारसायकल रस्त्यात मध्येच बंद पडू लागली. गॅरेजात उभी केली की मात्र शहाण्यासारखी चालायची.

अण्णा शकूर फिटरवर उखडले. “आज बिघाड सापडला नाही, तर तुझं गॅरेज चौकातून उठवतो!”

शकूरनं चालू गाडीचं हँडल डावीकडे वळवलं. गाडी गप्प! हँडलवर हातभर लांबीची ‘अध्यक्ष’ अशी पाटी होती. वळताना तिचा स्क्रू वायरीत रुतायचा.

“अण्णा, गाडी ठणठणीत आहे. तिला फक्त तुमचं अध्यक्षपद झेपत नाही. काढू?”

चौकात हशा पिकला. अण्णांनी रुमालानं पाटी पुसली आणि म्हणाले, “राहू दे.”

हल्ली डावं वळण आलं की अध्यक्ष खाली उतरतात आणि गाडी ढकलतात.