बाळ बरं होतं

तापीकाठच्या एका गावात बोंडे नावाचे डॉक्टर होते. हाताला गुण होता, जीभ मात्र जरा फटकळ. दवाखान्यात सदा गर्दी.

त्याच गावात हर्षाली नावाची सून नुकतीच बाळंत झाली होती. सासू कौतिकबाईंना घेऊन ती बाळाला वरचेवर दाखवायला आणी. कधी बाळ दूध ओकतं, कधी फार रडतं, कधी फारच झोपतं. डॉक्टर तपासत आणि म्हणत, "बाळ ठणठणीत आहे. उगाच काळजी करता."

एका बाजाराच्या दिवशी ती पुन्हा आली. बाहेर माणसं ताटकळली होती. डॉक्टरांनी तेच उत्तर दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारणार, तोच त्यांचं लक्ष हर्षालीकडे गेलं. बाळ बरं आहे म्हटलं की आईचा चेहरा खुलतो. हिचा तसाच राहिला.

डॉक्टर थांबले. "तुझं कसं आहे, पोरी?"

"तिला काय धाड भरलीय?" कौतिकबाई म्हणाल्या. "आयतं खाते, तरी रडते."

"तुम्ही बाळाला घेऊन जरा बाहेर बसा."

दार अर्धं लोटून डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते?"

"बाळ झोपलं तरी लागत नाही."

पुढचा प्रश्न विचारताना तेही कचरले. पण विचारला. "जीव नकोसा होतो?"

हर्षालीने अर्ध्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "विहिरीवर गेले की परत यावंसं वाटत नाही."

इतक्यांदा ही आपल्यासमोर बसून गेली, डॉक्टरांच्या मनात आलं. "पोरी, हा आजार आहे," ते म्हणाले. "बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो, आणि बरा होतो. यात तुझा दोष नाही."

त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. तिला एकटी सोडू नका म्हणून बजावलं आणि त्याच दिवशी तालुक्याच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. हा आजार आहे हे कळल्यावर कौतिकबाईंचे डोळे भरून आले. "मला वाटलं, अंग चोरते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला त्याच जाऊ लागल्या.

बरं व्हायला वेळ लागला. मध्ये वाईट दिवसही आले. मग एका सकाळी हर्षाली दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आज बाळ रडलं, आणि मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं."

बाहेर रांग होती. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "बस," ते म्हणाले, "सगळं सांग."

तात्पर्य: बाळाची विचारपूस सगळेच करतात, त्याच्या आईलाही तिचं कसं आहे ते विचारावं, आणि उत्तर ऐकायला थांबावं.