छताची सभा

फार मागे एका रानात, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत पाखरांनी आणि एका शेकरूने भागीदारीत बियांची कोठी थाटली होती. खास सभा बोलवायची तर सात दिवस आधी प्रत्येकाच्या दारी विषय सांगायचा आणि सभेत त्याच्यापलीकडे शब्द काढायचा नाही, असा त्यांचा नियम होता. हे सांगायचं काम सुतारपक्ष्याचं.

या सुताराला स्वतःच कोठीचा राखणदार व्हायचं होतं. पण राखणदार होता तो म्हातारा शेकरू, आणि त्याच्या तोंडावर त्याला काढायला कुणीच धजावणार नाही, हे सुतार ओळखून होता. छतासारख्या किरकोळ विषयाला शेकरू काही यायचा नाही, असा हिशेब करून दारोदार टकटक करत त्याने सांगितलं, “विषय एकच, छताची गळती.”

सभा भरली. शेकरू आलाच नव्हता. सुतार म्हणाला, “राखणदार बदलू या.”

“हा विषय कुठे सांगितला होतास?” साळुंकी पुटपुटली.

“आता जमलोच आहोत ना!”

एकेक करत पंख वर झाले. तेवढ्यात शेकरू धापा टाकत आला आणि त्याने सालींचा भारा खाली टाकला.

“उशीर झाला रे. छताला चिवट साल हवी, म्हणून पार पलीकडच्या डोंगरावर गेलो होतो. काय ठरलं?”

वर गेलेले पंख गुपचूप खाली आले. सुताराला त्याच्याकडे बघवेना.

“सुतारा, जरा चोच लाव बाबा इथे,” म्हणत शेकरू छताला भिडलासुद्धा.

राखणदार काही बदलला नाही. सुतार अजूनही दारोदार विषय सांगतो. आतून कुणीतरी हमखास विचारतं, “एवढंच ना?”

आणि त्याची मान खाली जाते.