सांभाळाचा वाटा

भक्तहो, भैरवपुरी महाराज त्या वर्षी हिंगणसावळीत नदीकाठच्या चिंचेखाली मुक्कामाला होते. ज्वारीची मळणी उरकली होती आणि खळ्याखळ्यावर वाऱ्यावर धान्य उफणायची तयारी चालली होती. सुतार, लोहार, कुंभार, परीट आपापलं बलुतं, म्हणजे वर्षभराच्या कामाचा धान्यातला वाटा, न्यायला येऊ लागले होते.

गिरजाबाई मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हती. विधवा बाई. गावातल्या बाळंतिणी, अंथरुणाला खिळलेली माणसं, शेतावर गेलेल्या बायांची तान्ही पोरं, सारं तिच्याच गळ्यात. ज्यांना कुणीच नाही अशी दोन म्हातारी माणसं तर तिनं घरीच आणून ठेवली होती. आता कणगीचा तळ दिसू लागला, तेव्हा ती महाराजांपाशी येऊन रडली. महाराज म्हणाले, "भीक मागू नकोस, माय. खळ्यावर जा आणि आपला वाटा माग."

बिचारी गेली. गावातलं सर्वांत मोठं खळं येसाजी पाटलाचं. विधवेनं खळ्यात पाऊल टाकू नये असा तिथला रिवाज, म्हणून ती बाहेरच उभी राहिली आणि चाचरत बोलली. पाटील सगळ्यांदेखत हसला.

"सुतार नांगर करतो, लोहार फाळ करतो. तू काय करतीस? म्हाताऱ्यांची तोंडं पुसतीस! ते पुण्याचं काम. पुण्याला कुठं बलुतं असतंय?"

आणि ज्या म्हातारीचं तोंड ती रोज पुसत होती, ती याचीच आई! माणूस डोळे उघडे ठेवून किती आंधळा असू शकतो, बघा.  तरी गिरजाबाई तिथून थेट पाटलाच्याच वाड्यावर गेली, कारण म्हातारीच्या पेजेची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून वारा पडला. झाडाचं पान हलेना. माणसं तिवईवर चढून टोपल्या धरायची, पण दाणा आणि भुसा एकाच जागी पडायचा. त्यातच पश्चिमेला अवकाळी ढग जमू लागले. धान्य भिजलं तर वर्षभर खायचं काय? सगळा गाव चिंचेखाली धावला.

महाराज शांतपणे म्हणाले, "जिच्या जिवावर तुम्ही घरदार सोडून खळ्यावर उभे राहता, तिला आधी खळ्यावर उभी करा."

पाटील म्हणाला, विधवेचं पाऊल पडलं तर रास बाटेल. पण गावाच्या जिवाशी गाठ होती, त्याचं कुणी ऐकलं नाही. बोलवायला माणूस गेला तर गिरजाबाईनं सांगितलं, पाटलाच्या म्हातारीच्या मुखात चार घास घालते, मग येते. सारा गाव आभाळाकडे बघत तिची वाट बघत राहिला. पाटील मनातून धुमसत होता.

ती आली, महाराजही खळ्यावर आले. पहिलंच खळं एका गरीब कुणब्याचं. महाराजांचं नाव घेऊन तिनं टोपली उचलली आणि काय नवल! सळसळत वारा सुटला. भुसा उडाला, मोत्यासारखी ज्वारी तिच्या पायांशी पडली. दुसरं खळं झालं, तिसरं झालं. ती जाईल तिथं वारा तिच्यामागून येत होता. शेजारी पाटलाच्या खळ्यावर मात्र काडीही हलत नव्हती, आणि ढग अगदी डोक्यावर आले होते.

लोक म्हणाले, भोगू दे त्याला. गिरजाबाईनं क्षणभर पाटलाकडे पाहिलं. तिला त्याचं ते हसणं आठवलं, राग आला, खूप आला. मग ती महाराजांकडे वळली.

"महाराज, ह्या खळ्यावरबी वारा येऊ द्या. म्हातारीची पेज ह्याच दाण्यांची होते."

आणि ती पाटलाच्या खळ्यात शिरली. रास निघाली, झाकली गेली, तेव्हा कुठे पाऊस कोसळला. एक दाणा भिजला नाही!

पाटील महाराजांच्या पायांवर पडायला धावला. महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "येसाजी, वारा मी नाही आणला. त्या माउलीच्या मायेनं आणला."

त्याच वर्षी गावानं ठरवलं की प्रत्येक राशीतला पहिला वाटा सांभाळाचा. जो कुणी दुसऱ्याचं दुखणंखुपणं, लेकरूबाळ सांभाळेल त्याचा. पुढे नदीकाठच्या गावागावांनी तो रिवाज उचलला, आणि त्या मुलखात कुणी म्हातारं माणूस उपाशी, एकटं मेलं नाही.

पहिला वाटा पाटलानं स्वतः डोक्यावरून गिरजाबाईच्या दारी नेला. भर चिखलात, सगळ्या गावासमोर, त्यानं पागोटं काढून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलो, आई," तो म्हणाला.

गिरजाबाईनं त्याला उठवलं आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं.