गडनीस साहेबांचा चेहरा

निवृत्त कोषागार अधिकारी गडनीस साहेब क्रूझवर निघाले होते, म्हणजे समुद्रावर उपकारच. बंदरावर उतरताना जहाजाच्या कर्मचाऱ्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "ओळखपत्र जवळ ठेवा." साहेब म्हणाले, "आमचा चेहरा पुरे!" आणि कार्ड खोलीत ठेवून बाजारात गेले.

परतताना फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं. "कार्ड?"

"अरे, मी साक्षात समोर उभा आहे!"

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. साहेब ओळखीचं कोणी दिसतंय का ते शोधू लागले. रांगेत मागे गळ्यात कार्ड अडकवून त्यांच्याच गावच्या निवृत्त शिक्षिका कमलिनीबाई उभ्या होत्या.

"बाई, सांगा याला मी कोण ते!"

बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या, "आमच्या गडनीस साहेबांनी हयातीच्या दाखल्यापायी माझं पेन्शन चार महिने अडवलं होतं. मी साक्षात समोर उभी होते, तरी म्हणाले, 'जिवंत आहात हे कागद सांगेल.' असा माणूस कागदाशिवाय आत जायला बघेल? छे, हे ते नव्हेत!"

खोलीतून कार्ड येईपर्यंत साहेब उन्हात उभे होते. हयात होते, पण दाखल्याविना.