या नावाचे येथे कोणी नाही

"उत्तर कोणत्या नावानं पाठवलंस?"

गणोबुवांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. उन्मेषने लॅपटॉपवरून मान वर केली नाही.

"मठाच्या कार्यालयाच्या नावानं, बुवा."

नीरेकाठच्या त्या मठाचे तीन ईमेल पत्ते होते. कार्यालयाचा, अन्नछत्राचा आणि खुद्द बुवांचा. तिन्हींची पत्रं एकाच पेटीत येऊन पडायची. ही सोय उन्मेषनेच, स्वतःच्या जुन्या पत्त्याच्या पेटीत केलेली, आणि तिचा त्याला भलता अभिमान होता. एका जागी बसून तो तिन्ही नावांनी उत्तरं द्यायचा. आपलं असं नाव आता उरलंच नाही, असंही वर ऐकवायचा. वैराग्याची हौस दांडगी.

रविवारी पहाटे त्याची दीक्षा होती. दीक्षा घेणाऱ्याने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आपलं जुनं नाव तीनदा मोठ्याने घ्यायचं आणि नदीत सोडायचं, ही मठाची रीत.

शुक्रवारी कार्यालयाच्या पत्त्यावर एका बाईंचं पत्र आलं. माझा मुलगा उन्मेष खानविलकर आपल्याकडे आहे का? चौदा महिने पत्ता नाही. सोमवारी माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याला पाठवू नका, तो आहे एवढंच कळवा.

उन्मेषने कळवलं होतं, "या नावाचे येथे कोणी राहत नाही."

हे त्याला खोटं वाटलं नव्हतं. मला तर हे सांगतानाही चीड येते.

"पाठवलेलं पत्र उघड," बुवा म्हणाले.

त्याने उघडलं. मजकूर तोच होता. वर पाठवणाऱ्याचं नाव होतं, उन्मेष खानविलकर.

त्याचा हात थांबला...

"असं कसं झालं?" बुवांनी विचारलं.

उन्मेषने अडखळत सांगितलं. आलेल्या पत्रालाच उत्तर दिलं असतं, तर ते आपोआप कार्यालयाच्या नावाने गेलं असतं. पण मग आईचं पत्र खाली दिसत राहिलं असतं. ते डोळ्यांसमोर नको होतं, म्हणून त्याने कोरं पत्र उघडलं. कोऱ्या पत्रावर नाव निवडावं लागतं. ते तो विसरला.

"निवडलं नाही, की कोणाचं नाव लागतं?"

"पहिल्या दिवशी जे ठरवून ठेवलं असेल, त्याचं."

"कोणी ठेवलं?"

"...मीच."

बुवांनी पडद्याकडे बोट केलं. त्याच पेटीत, उन्मेषच्या जुन्या पत्त्यावर, सकाळी एक पत्र येऊन पडलं होतं. बुवांनी ते वाचलेलं होतं. उन्मेषने आता वाचलं.

"उन्मेष, तू तिथे नाहीस असं तूच कळवलंस. जीव भांड्यात पडला. जेवत जा वेळेवर. मी आता निर्धास्त आत जाईन. आई."

अन्नछत्रातून भांड्यांचा आवाज येत होता.

मग उन्मेष घाईने म्हणाला, की चूक झाली, तो जुना पत्ता आत्ताच्या आत्ता काढून टाकतो. यंत्रातून आज आणि नदीत उद्या. त्याने बाण त्या पत्त्यावर नेला. बोट मात्र खाली येईना.

बुवा उठले. खुंटीवर उद्यासाठी वाळत घातलेली भगवी वस्त्रं त्यांनी काढली, घडी केली आणि पेटाऱ्यात ठेवून दिली.

कोपऱ्यात उन्मेषच्या चपला होत्या, चौदा महिन्यांच्या धुळीने माखलेल्या. बुवा वाकले. स्वतःच्या उपरण्याने त्यांनी त्या पुसल्या आणि उंबऱ्यापाशी बाहेर तोंड करून मांडल्या.

उन्मेष चपलांकडे बघत राहिला.

"बुवा... उद्याची दीक्षा?"

"कुणाला देऊ? या नावाचं इथे कोणी राहत नाही."